न्यू पॅलेस बांधला जात होता तेव्हा महाराज कुठं होते?

कोल्हापूरला पाहुणे आले की आपला राऊंड ठरलेला, अंबाबाई, भवानी मंडप, रंकाळा, जमलं तर पन्हाळा आणि मधेच कुठंतरी न्यू पॅलेस. आणि न्यू पॅलेसच्या गेटमधून आत शिरलं की पाहुणा हमखास विचारतो, हा शाहू महाराजांनी बांधला ना? आपण पण हो म्हणून पुढं जातो कारण शाहू महाराज आणि कोल्हापूर हे आपल्या डोक्यात एकच झालंय. पण जरा तारखा बघा. पॅलेसचं बांधकाम १८७७ ते १८८४. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. म्हणजे पाया खणला तेव्हा ते तीन वर्षांचे होते, आणि तेव्हा ते कोल्हापूरच्या गादीचे वारसपण नव्हते, कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव होते. त्यावेळी गादीवर वेगळेच महाराज होते, आणि त्यांना या वाड्यात कधी निवांत राहायला मिळालंच नाही. हे महाराज कोण, ते का नव्हते आणि ते नसताना एवढा मोठा राजवाडा कोणाच्या हुकमानं उभा राहिला हे एकदा नीट समजून घेतलं की न्यू पॅलेसकडं बघायची नजरच बदलते, म्हणून हे सगळं जमेल तेवढं सोपं करून लिहितोय.

सुरुवात संस्थान म्हणजे काय इथनं करायला पाहिजे. शाळेत आपण शिकतो की इंग्रजांचं राज्य होतं आणि मधेमधे राजेरजवाड्यांची संस्थानं होती, तिथं राजाचं चालायचं. कागदावर तसंच होतं. प्रत्यक्षात प्रत्येक संस्थानावर इंग्रजांचा एक माणूस नेमलेला असायचा, पोलिटिकल एजंट किंवा रेसिडेंट, आणि गादीवर कोण बसणार, दत्तक मंजूर का नामंजूर, कारभारी कोण, राजपुत्राला शिकवायला कोण, या सगळ्यात त्याचा शब्द शेवटचा. कोल्हापूरच्या बाबतीत तर हे अजून घट्ट होतं. १८४४ ला गडकऱ्यांचं, म्हणजे किल्ले राखणाऱ्या लोकांचं, बंड झालं, सामानगडापासनं ते पेटलं, ते मोडून काढल्यावर इंग्रजांनी कोल्हापूरचा कारभारच आपल्या हातात घेतला. मग १८५७. कोल्हापुरात ३१ जुलैला २७ व्या पलटणीनं उठाव केला, डिसेंबरमध्ये शहरात परत उठाव झाला, वेशीचे दरवाजे आतनं बंद केले गेले, ले ग्रँड जेकब नावाच्या अधिकाऱ्यानं तो चिरडला आणि लोकांना तोफेच्या तोंडी दिलं. तेव्हाचे महाराज बाबासाहेब, त्यांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्यावर संशय, त्यांना थेट कराचीला नेऊन ठेवलं, ते १८६९ ला तिथंच वारले. १८६२ ला नवा तह झाला तेव्हा बाबासाहेब महाराजांना अधिकार परत मिळाले खरे पण अट होती की सगळ्या महत्त्वाच्या कामात इंग्रज सरकारचा सल्ला मानायचा. सल्ला हा शब्द मऊ आहे, अर्थ मऊ नव्हता.

बाबासाहेब १८६६ ला गेले. दत्तक राजाराम महाराज गादीवर आले, हुशार, इंग्रजी शिकलेले, १८७० ला विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, रोज डायरी लिहायचे आणि ती डायरी पुढं लंडनला छापलीसुद्धा. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला ३० नोव्हेंबर १८७० ला ते वारले, वय फक्त वीस. तिथंच आर्नो नदीच्या काठी, दोन नद्यांच्या संगमावर, त्यांचं दहन झालं आणि १८७४ ला तिथं छत्री बांधून खाली त्यांचा अर्धपुतळा बसवला. आजही ती छत्री तिथं आहे, शेजारच्या पुलाला तिथले लोक इंडियन माणसाचा पूल म्हणतात. या छत्रीचा आराखडा केला होता मेजर चार्ल्स मँट यांनी. हे नाव लक्षात ठेवा, आपला न्यू पॅलेस याच माणसाचा.

राजाराम महाराजांच्या मागं १८७१ ला परत दत्तक, चौथे शिवाजी महाराज. जन्म १८६३ चा, म्हणजे गादीवर आले तेव्हा आठ वर्षांचं पोर. १८७५ ला इंग्लंडचा युवराज मुंबईला आला तेव्हा संस्थानिकांच्या रांगेत हे बारा वर्षांचे महाराज उभे होते. आता राजा लहान म्हटल्यावर कारभार कोणी बघायचा? पोलिटिकल एजंट आणि त्यानं मान्य केलेला कारभारी. तिजोरी कोल्हापूरची, शेतसारा भरणारा शेतकरी कोल्हापूरचा, आणि कुठं किती खर्च करायचा याची सही त्यांची.

आता एक हिशोब बघा जो मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो. १८६६ पासनं १८९४ पर्यंत, शाहू महाराजांच्या हातात २ एप्रिल १८९४ ला अधिकार येईपर्यंत, ही अठ्ठावीस वर्षं कोल्हापूरच्या गादीवर राजा होता पण पूर्ण अधिकार हातात असलेला राजा जवळजवळ नव्हताच. आणि ज्या दगडी इमारती दाखवून आपण संस्थानकाळातलं कोल्हापूर म्हणून अभिमान बाळगतो त्यातल्या कितीतरी नेमक्या याच काळातल्या. टाऊन हॉल १८७२ ते ७६. न्यू पॅलेस १८७७ ते ८४. सीपीआर या सरकारी दवाखान्याची जुनी बिल्डिंग, जिचं आधीचं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे त्याच युवराजाचं नाव, ती पण याच पिढीतली. हा योगायोग नाही असं मला वाटतं. राजा वयानं लहान असताना इंग्रज अधिकाऱ्याला आपण किती चांगला कारभार केला हे वर दाखवायचं असायचं आणि दाखवायला बिल्डिंगीसारखी गोष्ट नाही, दवाखाना, हायस्कूल, टाऊन हॉल, राजवाडा. यातली बरीच कामं लोकांच्या उपयोगाची होती, दवाखान्यात आजपण गोरगरीब उपचार घेतात, त्यामुळं सगळंच वाईट म्हणायला माझं मन होत नाही. पण निर्णय कोणाचा होता हे विसरून चालणार नाही.

बरं मग नवा राजवाडा शहराबाहेर कशाला? जुना राजवाडा भवानी मंडपाजवळ, अंबाबाईच्या देवळाला लागून, दाट वस्तीत. चौक, देवघर, दरबार, जनाना, भोवती मानकऱ्यांचे वाडे, बाहेर पाऊल टाकलं की पेठ. राजा तिथं राहिला की लोकांच्या मधेच राहायचा. त्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांची पद्धत उलटी, गावापासनं लांब मोकळ्या जागेत मोठं कंपाउंड, मधोमध बंगला, पुढं पोर्च, भोवती बाग आणि झाडी. विलायतेत जमीनदार उमराव लोकांची अशी गावाबाहेरची घरं असायची, शेकडो एकर जमिनीच्या मधे एकच मोठं घर, आणि इथल्या राजानं पण तसंच राहावं, मोकळ्या हवेत, घोडेस्वारी करत, साहेबी शिस्तीत, असं त्यांना वाटायचं. बडोद्यासारख्या कितीतरी ठिकाणी या पन्नास वर्षांत राजे जुन्या वाड्यातनं नव्या पॅलेसमध्ये गेले. कोल्हापूरचा न्यू पॅलेस पण शहरातनं कसबा बावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, तेव्हाच्या हिशोबानं माळावरच. हवा स्वच्छ, जागा भरपूर हे तर झालंच. पण १८५७ ला वेशी बंद करून शहर लढलं होतं, त्याला तेव्हा वीसच वर्षं झालेली, मग राजाचं घर पेठेतनं बाहेर काढण्यात ती आठवण कुठंतरी असणारच, हे माझं मत आहे.

आता मँटसाहेबाकडं येऊ. हा रॉयल इंजिनियर्सचा अधिकारी, म्हणजे मूळ लष्करी इंजिनियर. कोल्हापुरात त्यानं आधी टाऊन हॉल केला. टाऊन हॉल नीट बघितलाय का कधी? उतरती छपरं, टोकदार मनोरे, टोकदार कमानी, विलायतेतलं एखादं चर्च वाटावं असा. म्युझियम आहे म्हणून आपण आत जातो आणि ब्रह्मपुरीला सापडलेली रोमन समुद्रदेवाची मूर्ती बघून बाहेर येतो, बिल्डिंग बघायची राहून जाते. आणि तिथनं न्यू पॅलेसला या, तोच माणूस, मधे फार तर पाच वर्षं गेलेली, पण इथं सगळंच वेगळं, घुमट, छत्र्या, पाकळ्यांच्या कमानी, नक्षीचे खांब, कोरीव कठडे. झालं काय होतं तर त्या काळात इंग्रज इंजिनियर लोकांत एक विचार जोर धरत होता की हिंदुस्थानात विलायती चर्चसारख्या बिल्डिंगी कशाला, इथल्याच देवळांचे, मशिदींचे, राजवाड्यांचे घटक घ्यायचे आणि आतली रचना, मोजमाप, सोयी मात्र आपल्या पद्धतीच्या ठेवायच्या. या मिश्र शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात, नाव अवघड आहे, कल्पना अवघड नाही. बाहेरनं बघाल तर राजस्थानातला महाल, आत शिराल तर युरोपियन पद्धतीचे मोठे हॉल. मँट या शैलीतला अगदी सुरुवातीचा माणूस, अजमेरच्या मेयो कॉलेजची बिल्डिंग त्याचीच, बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा पहिला आराखडापण त्याचाच.

न्यू पॅलेसमध्ये त्यानं गुजरात राजस्थानातली जैन देवळं, तिकडचे राजवाडे आणि थोडा आपला वाडा असं एकत्र केलं. सगळं घडीव काळ्या दगडात, मधे अष्टकोनी मनोरा, त्यावर घड्याळ, कोपऱ्याकोपऱ्याला छोटे मनोरे. दगड आपल्या मातीतला, हा सगळा पट्टाच काळ्या पाषाणाचा. हा दगड फार कडक असतो, संगमरवरासारखा छिन्नीला लगेच वश होत नाही, त्याच्यावर बारीक नक्षी काढायची म्हणजे पाथरवटाचा हात तयार लागतो. आणि तो हात इथं होताच ना, खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघा, शिलाहारांच्या काळातलं, अंबाबाईचं देऊळ बघा. माझी एक हळहळ आहे की मँटनं नमुने उत्तरेकडनं आणले आणि खिद्रापूर इतकं जवळ असून त्याची छाप या वाड्यावर फारशी दिसत नाही. नक्षीचं श्रेय मात्र मी कधीच नुसतं मँटला देणार नाही. कागदावर रेघ त्याची असेल, दगडावरचा घाव इथल्या माणसाचा आहे, आणि त्या माणसांची नावं कुठं कोरलेली नाहीत.

अजून एक, बांधकाम सुरू झालं तेव्हा कोल्हापूरला रेल्वे नव्हती. मिरज कोल्हापूर रेल्वे १८९१ ची. मग लांबनं जे काही आणायचं ते शेवटच्या टप्प्याला बैलगाडीनंच. खर्च सात लाख रुपये झाला असं सांगितलं जातं, त्या काळातले सात लाख. आणि वर्ष बघा कुठलं, १८७७, दख्खनमध्ये १८७६ ते ७८ चा तो मोठा दुष्काळ चालू होता, माणसं गावं सोडून चालली होती. दुष्काळात बांधकामं काढायची म्हणजे हातांना काम मिळतं हा विचार तेव्हापण होता, पण त्याच वर्षी एका घरासाठी सात लाखांचं काम हाती घेतलं जावं आणि ज्याच्या नावानं घेतलं तो राजा चौदा वर्षांचा असावा, हे वाचून मला बराच वेळ पुढचं काही सुचलं नव्हतं.

आणि या राजाचं पुढं काय झालं ते ऐका. महाराजांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं सरकारी म्हणणं पुढं आलं. त्यांना कोल्हापूरबाहेर ठेवायला सुरुवात झाली, भोवती गोरे पहारेकरी. लोकांत बातम्या पसरल्या की महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ चाललाय आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे. केसरी आणि मराठा या तेव्हा नव्याच निघालेल्या पेपरांनी हे प्रकरण लावून धरलं, बर्व्यांच्या नावची म्हणून काही पत्रं छापली गेली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, कोर्टात पत्रं बनावट ठरली आणि १८८२ ला टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. टिळकांचा पहिला तुरुंगवास तो हाच, मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात, प्रत्यक्षात १०१ दिवस. त्यांच्या जामिनासाठी जोतीराव फुल्यांनी खटपट केली होती. विचार करा, टिळक, आगरकर, फुले, ही तिन्ही नावं ज्या एका प्रकरणात एकत्र येतात ते कोल्हापूरच्या या पोरसवदा महाराजांचं प्रकरण, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्या महाराजांचं नाव पण सांगता येत नाही.

महाराजांना तेव्हाच्या अहमदनगरला नजरकैदेत ठेवलं होतं. २५ डिसेंबर १८८३ ला, नाताळच्या दिवशी, ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जरशी झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. वय वीस. आधीचे राजाराम महाराज पण विसाव्या वर्षीच गेले होते. त्यावेळी इकडं कोल्हापुरात न्यू पॅलेसचं काम शेवटाला आलं होतं. म्हणजे सात वर्षं राजवाडा वर वर चढत होता आणि त्याच सात वर्षांत त्याचा मालक घरापासनं लांब लांब नेला जात होता.

मँटला पण तो पुरा झालेला बघायला मिळाला नाही. १८८१ लाच तो गेला, बेचाळीशीच्या आसपास. शेवटी शेवटी त्याच्या मनानं घेतलं होतं की आपलं गणित चुकलंय आणि बडोद्याचा पॅलेस पडणार, असं सांगितलं जातं. बडोद्याचं काम पुढं चिझम नावाच्या आर्किटेक्टनं पुरं केलं. तो पॅलेसही उभा आहे आणि आपलाही.

१७ मार्च १८८४ ला महाराजांच्या पत्नी आनंदीबाई राणीसाहेबांनी कागलच्या यशवंतरावांना दत्तक घेतलं, तेच आपले शाहू महाराज. तेव्हा दहा वर्षांचेसुद्धा पुरे नव्हते. पॅलेस पण त्याच साली पुरा झाला. पण त्यांचंही लहानपण काही इथं गेलं नाही, १८८५ ला राजकोटला राजकुमार कॉलेजात, नंतर धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली. दोन पिढ्यांचं काय झालं हे माहीत असलेल्या या पोराला साहेबांच्या हाताखाली शिकायला पाठवलं, आणि ते शिकून परत येऊन काय काय केलं हे तुम्हाला माहीत आहे. २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखीव ठेवल्या, राधानगरीचं धरण हातात घेतलं, सगळ्या जातींच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली. मला तर असं दिसतं की न्यू पॅलेस खऱ्या अर्थानं कोल्हापूरचा झाला तो १८९४ नंतर, कारण तेव्हा पहिल्यांदा या घरात राहणारा माणूस स्वतः हुकूम काढत होता. तरीपण महाराजांचा जीव एका महालात रमणारा नव्हता, सोनतळीच्या साध्या कॅम्पवर ते राहायचे, गोरगरिबांना तिथं थेट भेटता यायचं. त्यांचा जन्म बावड्यातल्या (बडोद्याच्या नव्हे) लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला, ते पण याच बाजूला आहे. पाहुण्यांना न्यू पॅलेस दाखवलात तर तिथंपण न्या, आकारानं लहान, थाट कमी, पण दोन्ही एकाच दिवशी बघितले की लगेच कळतं एकोणिसाव्या शतकात राजाच्या घरात काय बदललं.

पुढचं थोडक्यात सांगतो. राजाराम महाराजांच्या काळात, म्हणजे शाहू महाराजांच्या मुलाच्या, रंकाळ्याकाठी शालिनी पॅलेस उभा राहिला, १९३१ ते ३४, तिथं १९८७ ला हॉटेल झालं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९७१ ला राजेलोकांचे तनखे बंद झाले आणि देशभरातल्या पॅलेसवाल्यांपुढं प्रश्न आला की एवढी मोठी घरं सांभाळायची कशी. कोणी हॉटेल केलं, कोणी विकलं, कोणाची पडझड झाली. न्यू पॅलेसच्या खालच्या मजल्यावर म्युझियम आहे, शहाजी छत्रपती म्युझियम, देवास घराण्यातनं दत्तक आलेल्या शहाजी महाराजांच्या नावाचं, आणि छत्रपती घराणं आजही त्याच वाड्यात राहतं. माझ्या मते यातनंच हा वाडा जिवंत राहिलाय, तिकीट काढून बघायची जागा पण आणि घर पण.

म्युझियममध्ये गर्दी असते ती वाघ, बिबटे आणि हत्यारांपुढं. तिथं वेळ घाला, पण दरबार हॉलला जास्त घाला. दोन मजले उंच हॉल, कोरीव कमानी, आणि खिडक्यांच्या रंगीत काचांवर थोरल्या शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग. पोरं तिथं उभी राहून हा कुठला प्रसंग, तो कुठला प्रसंग असं ओळखत असतात. त्या पोरांना तिथंच चौथ्या शिवाजी महाराजांचं पण सांगा, नाव सांगा, १८६३ ते १८८३ ही दोन सालं सांगा, आणि हा वाडा त्यांच्या नावानं, त्यांच्या रयतेच्या पैशातनं बांधला गेला हेही सांगा. सहलीला पोरं घेऊन येणाऱ्या शिक्षकांना माझी हीच विनंती आहे, पाच मिनिटं लागतात.